दुसऱ्याच्या विश्वासावर काढलेली वर्षं: कूपर आणि न्यूटन यांचं प्रकरण

जवळचा मित्र एके दिवशी म्हणतो, "देवाने मला टाकलंय." अशा वेळी सोबतच्यांनी काय करायचं? वचनं ऐकवायची, वाद घालायचा, डॉक्टरकडे न्यायचं, की नुसतं शेजारी बसून राहायचं? याची उत्तरं आपण बहुतेक प्रवचनांतून ऐकतो, आणि प्रवचनातला माणूस शेवटी हटकून बरा होतो. म्हणून इथे मुद्दाम असं प्रकरण घेतलं आहे ज्यातला माणूस बरा झाला नाही. अठराव्या शतकातला इंग्रज कवी विल्यम कूपर आणि त्याचा पाळक (म्हणजे चर्चचा धर्मगुरू) असलेला मित्र जॉन न्यूटन. दोघांची पत्रं आज वाचायला मिळतात, त्यामुळे कोण काय म्हणालं आणि कोणी काय केलं हे बऱ्यापैकी ताडून पाहता येतं.

आधीचा इतिहास

कूपर १७३१ साली हर्टफर्डशरमधल्या बर्कहॅमस्टेडला जन्मला. वडील तिथल्या चर्चचे धर्मगुरू. सहावं वर्ष पुरं व्हायच्या आत आई गेली. मग निवासी शाळा, तिथे एका मोठ्या मुलाने केलेला छळ, पुढे वकिलीचं शिक्षण, चुलत बहिणीवर जडलेलं प्रेम आणि तिच्या वडिलांचा नकार. मन आधीपासूनच हळवं होतं, आणि तरुणपणीच त्याला उदासीनतेचा एक झटका येऊन गेला होता.

१७६३ मध्ये नातलगाच्या ओळखीने त्याला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये कारकुनाची चांगली जागा मिळत होती. पण त्या जागेसाठी सभागृहापुढे उभं राहून परीक्षा द्यावी लागेल असं ठरलं, आणि त्या धास्तीने तो कोसळला. त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. घरच्यांनी त्याला सेंट ऑल्बन्समध्ये डॉ. नॅथॅनिएल कॉटन यांच्याकडे ठेवलं. त्या काळची वेड्यांची इस्पितळं म्हणजे साखळदंड आणि चाबूक, पण कॉटन वेगळे होते. भाविक, मायाळू, स्वतः कविता करणारे. दीड वर्ष कूपर त्यांच्याकडे होता. तिथेच १७६४ च्या उन्हाळ्यात त्याने बायबल उघडलं आणि रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं पंचविसावं वचन वाचलं. ख्रिस्ताच्या रक्ताने प्रायश्चित्त झालं आहे, असं ते वचन सांगतं. आपल्याला क्षमा मिळाली, हे त्याला त्या क्षणी आतून पटलं. पुढची आठ-साडेआठ वर्षं देव हा त्याचा खराखुरा आश्रय होता.

हा क्रम लक्षात ठेवायला हवा, कारण पुढच्या आरोप-प्रत्यारोपांत तो हटकून विसरला जातो: आजार आधी, श्रद्धा नंतर, आणि न्यूटन त्याहूनही नंतर.

ओल्नी

इस्पितळातून बाहेर पडल्यावर कूपर हंटिंग्डनला मॉर्ली अनविन नावाच्या पाद्र्याच्या कुटुंबात भाडेकरू म्हणून राहिला. १७६७ मध्ये अनविन घोड्यावरून पडून वारले. त्यानंतर काही दिवसांतच न्यूटन सांत्वनाला आला आणि त्याच्याच सांगण्यावरून विधवा मेरी अनविन, तिची मुलगी आणि कूपर बकिंगहॅमशरमधल्या ओल्नीला राहायला गेले. न्यूटन तिथला पाळक होता.

न्यूटनचा भूतकाळ सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. हा माणूस तरुणपणी गुलामांच्या व्यापारातल्या जहाजांवर होता. १७४८ मध्ये जहाज वादळात सापडलं तेव्हा तो देवाकडे वळला, पण वळल्यानंतरही तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला, आणि त्या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे लिहायला १७८८ साल उजाडलं. 'अमेझिंग ग्रेस' हे गीत याच माणसाचं. आपल्यासारख्याला जर क्षमा मिळाली, तर ती कोणालाही मिळू शकते, ही त्याच्या विश्वासाची मुळी होती. म्हणूनच, "सगळ्यांना क्षमा आहे, फक्त मला नाही," असं कूपर म्हणू लागला तेव्हा न्यूटनला ते कधीच पटलं नाही.

ओल्नीतली दोघांची घरं जवळजवळ होती. मधे दुसऱ्याच्या मालकीची बाग होती. तिच्यातून येण्याजाण्याच्या हक्कासाठी वर्षाला एक गिनी (त्या काळचं सोन्याचं नाणं) मोजली जायची. पुढे न्यूटनने लिहून ठेवलं आहे की जवळपास बारा वर्षं, जागे असताना आणि गावात असताना, आम्ही सलग सात तासही क्वचितच एकमेकांपासून दूर राहिलो. पहिली सहा वर्षं मी त्याच्याकडे आदराने पाहत आणि त्याचं अनुकरण करायचा प्रयत्न करत काढली, आणि नंतरची सहा वर्षं त्याच्यासोबत मृत्युच्छायेच्या दरीतून चालत. इथे हे दिसतं की न्यूटन पहिल्या दिवसापासून 'आधार देणारा' नव्हता. सुरुवातीला तोच कूपरकडे पाहून शिकत होता. गावातल्या गरिबांकडे दोघं जोडीने जायचे. बुजरा कूपर प्रार्थनासभेत मोठ्याने प्रार्थना करायचा. १७७१ च्या सुमारास दोघांनी मिळून गीतांचा एक संग्रह करायचं ठरवलं.

जानेवारी १७७३

१७७३ च्या अगदी सुरुवातीला कूपरने एक गीत लिहिलं. देवाची कृती गूढ असते, भेसूर दिसणाऱ्या ढगांत दया भरलेली असते, असा त्याचा आशय. इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती जगात ते आजही दुःखाच्या प्रसंगी गायलं जातं. त्याच महिन्यात तो पुन्हा कोसळला. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याला एक स्वप्न पडलं आणि त्यात लॅटिनमध्ये निवाडा ऐकू आला: तुझं संपलं, तू नाश पावलास.

या स्वप्नाने उभी केलेली विचारांची चौकट जवळून पाहण्यासारखी आहे. कूपर नास्तिक झाला नाही. देव आहे, तो दयाळू आहे, ख्रिस्ताचं प्रायश्चित्त खरं आहे, हे सगळं तो मरेपर्यंत मानत राहिला. पुढे त्याच्या मनाने असं घेतलं की बायबलमधल्या अब्राहामाकडे जसं त्याच्या मुलाचं, इसहाकाचं, बलिदान मागितलं गेलं, तसं देवाने आपल्याकडे आपलाच जीव मागितला होता. ऑक्टोबर १७७३ मध्ये त्याने तसा प्रयत्न केला आणि तो फसला. मग त्याने निष्कर्ष काढला की आज्ञा मोडली, आता क्षमा नाही. अशा माणसाला देवाच्या दयेबद्दल काय ऐकवणार? ती त्याला तुमच्याआधी मान्य असते. प्रत्येक वचनाला त्याचं एकच उत्तर असतं: हो, हे खरं आहे, पण माझ्यासाठी नाही.

आपल्याकडच्या संतांनी विठ्ठलाशी कडकडून भांडणं मांडली, त्याला निष्ठुर म्हटलं, चोर म्हटलं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्रही अंधारातच संपतं, पण ते देवाला उद्देशून आहे. भांडण चालू असेपर्यंत नातं चालू असतं. कूपरने भांडणच सोडलं होतं. तो प्रार्थना करेनासा झाला, आणि त्यानंतर सार्वजनिक उपासनेला पुन्हा कधी गेला नाही. निवाडा झालाय, आता बोलून काय उपयोग, असा हिशेब. ज्यांनी तीव्र नैराश्य जवळून पाहिलं आहे त्यांना ही शांत, तर्कशुद्ध निराशा ओळखीची वाटेल. रडण्याओरडण्यापेक्षा ती जास्त घाबरवते.

पाळकाच्या घरातलं वर्ष

कूपरच्या घराबाहेरच्या चौकात एप्रिलमध्ये जत्रा भरायची. १७७३ च्या एप्रिलमध्ये तो गोंगाट नको म्हणून तो एका रात्रीपुरता न्यूटनच्या घरी गेला. मग तिथून हलेना. ती एक रात्र वर्षाहून जास्त लांबली. तो मे १७७४ मध्ये परत गेला.

या मुक्कामाचं वर्णन करताना भाबडेपणा नको. न्यूटनच्या घरात बायको होती, गावभरची माणसं येत-जात होती, पाळकाचा पगार बेताचा होता, आणि आता दोन जास्तीची माणसं राहायला आली होती, कारण कूपरची काळजी मेरी अनविनच घेत होती. तिच्याबद्दलही त्याची खात्री झाली होती की ती आपला द्वेष करते. तरी तिने त्याला सोडलं नाही. हे तिच्यासाठी सोपं नव्हतंच. १७७२ मध्ये दोघांचं लग्न ठरलं होतं. या आजाराने ते मोडलं आणि पुढे कधीच झालं नाही. आत्महत्येचा धोका असलेल्या माणसाजवळ रात्रंदिवस कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे मुख्यतः ती होती. प्रकरण न्यूटनच्या नावाने ओळखलं जातं, पण रात्रीची जागरणं मेरीची आहेत.

न्यूटनने काय केलं? तो या सगळ्याकडे देवाचा कोप म्हणून नव्हे, आजार म्हणून पाहत होता, आणि कॉटनचा वैद्यकीय सल्लाही घेतला गेला. प्रार्थना करणाऱ्या माणसाने डॉक्टरला विचारण्यात त्याला विसंगती दिसली नाही. कूपरला बागकामाला लावलं, घरातलं सुतारकाम करू दिलं. आणि तो स्वतः प्रार्थना करत राहिला.

मे १७७४ मधलं न्यूटनचं एक पत्र आहे. कूपर अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता. बाहेर पडता आलं की तो काही ना काही करत असायचा. तेवढ्यात काहीतरी किरकोळ घडलं आणि तो हसला. काय घडलं ते न्यूटनने लिहिलेलं नाही. पण गेल्या सोळा महिन्यांहून जास्त काळात त्याच्या चेहऱ्यावर दिसलेलं हे पहिलंच हसू, असं तो खात्रीने लिहितो. सोळा महिने कोणीतरी त्या चेहऱ्याकडे रोज पाहत होतं, म्हणून तर हे वाक्य लिहिता आलं.

विश्वास कोणाचा?

मार्काच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाची गोष्ट आहे. गर्दीमुळे दारातून जाता येईना, तेव्हा चौघांनी छप्पर उघडून त्याला खाटेसकट येशूसमोर खाली सोडलं. तिथे म्हटलं आहे की येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाचा विश्वास किती होता, हे वाक्य सांगत नाही. ओल्नीत बरंचसं असंच चाललं होतं, फरक एवढाच की खाटेवरचा उठून चालू लागला नाही.

मग मित्रांच्या विश्वासाने नेमकं काय साधलं? माझ्या मते त्याने कूपरला दिलासा दिला असं सरसकट म्हणणं चूक आहे. कधीकधी त्याने उलटच केलं. ज्या दारातून मित्र रोज आत जातात ते आपल्यासाठी बंद आहे, हे पाहणं जास्त बोचतं. १७८२ मध्ये पाळक विल्यम बुल यांना लिहिलेल्या पत्रात कूपर म्हणतो की मला प्रार्थना करण्याचा हक्क आहे हे सिद्ध करून दाखवा, मग मी अखंड प्रार्थना करीन. आणि मी ज्या नरकात आहे त्यापुढे बायबलमधला योना ज्या माशाच्या पोटात अडकला होता ते पोट म्हणजे राजवाडा होता. बुलने यावर बिनतोड युक्तिवाद रचत बसायला हवं होतं का? त्याच वर्षी त्याने जे केलं ते जास्त शहाणपणाचं होतं. मादाम गुयाँ या फ्रेंच भक्त-कवयित्रीच्या कविता कूपरच्या हातात दिल्या आणि म्हणाला, यांचं भाषांतर कर. देवावरच्या प्रेमाच्या त्या कविता कूपरने इंग्रजीत आणल्या. स्वतः प्रार्थना करायला बंदी आहे असं मानणारा माणूस दुसऱ्याची प्रार्थना मात्र ओळीओळीने लिहू शकला.

सगळेच मित्र या वाटेने आले असं नाही, आणि बरंच झालं. मेरी अनविनने त्याला मोठ्या कविता लिहायला विषय सुचवले. गावातल्या लोकांनी आणून दिलेल्या तीन सशांनी त्याचे कित्येक दिवस खाल्ले. लेडी ऑस्टेन नावाच्या मैत्रिणीने एका संध्याकाळी एक विनोदी किस्सा सांगितला. तो रात्रभर हसत राहिला आणि त्यातून त्याची सर्वांत लोकप्रिय विनोदी कविता आली. तिनेच पुढे थट्टेत सोफ्यावर कविता लिहायला सांगितलं, आणि त्यातून १७८५ चं त्याचं मोठं काव्य झालं. यात भक्तीचं काही नव्हतं. पण ज्या दिवशी देवाचं नाव काढणं जड जातं, त्या दिवशी सोफा चालतो.

न्यूटनच्या बाजूने आणि विरुद्ध

पुढच्या काळात एक आरोप वारंवार झाला: न्यूटनच्या कडक धर्ममतानेच कूपरला वेड लावलं. १७६३ चा आजार हे त्याला पुरेसं उत्तर आहे. तेव्हा दोघांची ओळखही नव्हती. मात्र एवढ्यावर न्यूटनला पूर्ण मोकळं सोडता येत नाही. दर आठवड्याच्या प्रार्थनासभा, मरणाच्या दारातल्या माणसांच्या भेटी, गीतं लिहिण्याचा तगादा, हे सगळं नाजूक मनाच्या माणसाला झेपेल का, हा विचार त्याने केलेला दिसत नाही. त्या काळी तो कोणीच केला नसता, हेही खरं.

दुसरी गोष्ट जास्त खटकते. १७८० च्या सुरुवातीला न्यूटन लंडनच्या चर्चमध्ये गेला आणि मैत्री पत्रांवर आली. १७८६ मध्ये कूपर आणि मेरी जवळच्या वेस्टन अंडरवुडला राहायला जायच्या बेतात होते, आणि तिथल्या थ्रॉकमॉर्टन या कॅथलिक जमीनदार कुटुंबाशी त्यांचं येणंजाणं वाढलं होतं. न्यूटनच्या कानावर काहीबाही गेलं आणि त्याने मेरीला खरमरीत पत्र लिहिलं की तुम्ही ऐहिक संगतीत वाहवत चालला आहात. कूपर दुखावला. तेरा वर्षं चर्चची पायरी न चढलेल्या माणसाला, ज्याला बोलायला चार भली माणसं मिळाली होती, त्याने ती कोणत्या पंथाची निवडावीत हे दुरून सांगण्यात मला न्यूटनचा विश्वास दिसत नाही, त्याची भीती दिसते. शेजारी राहत असताना तो हे बोलला नसता असं वाटतं, कारण तेव्हा कूपर घरात एकटा बसला की कसा दिसतो हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

त्याच्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट १७७९ मध्ये आली. गीतसंग्रह छापून निघाला. साडेतीनशेच्या आसपास गीतांपैकी कूपरची सत्तरीच्या आत. प्रस्तावनेत न्यूटन सांगतो की मित्राच्या आजाराने मीही वीणा वाळुंजांच्या झाडावर टांगली (म्हणजे गीतं लिहिणं थांबवलं) आणि त्याच्याशिवाय पुढे जायचं नाही असं काही काळ ठरवलं होतं. हे पुस्तक आमच्या मैत्रीची आठवण म्हणून राहावं, असंही लिहितो. कूपर तेव्हा स्वतःला देवाने टाकलेला समजत होता, तरी त्याची गीतं त्याच्या नावाच्या खुणेसह छापली गेली. त्याच्या विश्वासाच्या काळातला शब्द न्यूटनने रद्द धरला नाही.

शेवटची वर्षं

मेरीला १७९१ पासून पक्षाघाताचे झटके आले. इतकी वर्षं जिने सांभाळलं तिला सांभाळायची पाळी कूपरवर आली आणि तो खचत गेला. १७९५ मध्ये जॉन जॉन्सन या तरुण नातलगाने दोघांना नॉरफकला नेलं. मेरी डिसेंबर १७९६ मध्ये वारली.

११ एप्रिल १७९९ ला कूपरने न्यूटनला लिहिलेलं पत्र वाचवत नाही. न्यूटनने पाठवलेल्या पुस्तकामुळे जुने दिवस आठवले आणि कडवटपणाच वाढला, असं तो कळवतो. निरोप घेताना 'महाशय' म्हणतो, आणि पुढे लिहितो की त्या काळी मी तुम्हाला प्रिय मित्र म्हणायचो, आणि ते म्हणण्याजोग्या भावना तेव्हा माझ्यात होत्या. पंचवीस एप्रिल १८०० ला तो गेला. शेवटपर्यंत त्याने आपला निवाडा बदलला नाही.

न्यूटनने त्याच्याबद्दलचा आपला निवाडाही बदलला नाही. कूपर देवाचाच होता, हे तो १८०७ मध्ये स्वतः मरेपर्यंत मानत राहिला. हे प्रकरण गटात चर्चेला घेतलं तर कोणाचं खरं, यावर वेळ जाईल. तो जाऊ द्यावा, पण त्याआधी एक हिशेब मांडावा. १७७३ मध्ये ज्याला आजचा दिवस काढणं अशक्य वाटत होतं तो पुढे सत्तावीस वर्षं जगला, आणि त्यातला जवळजवळ सगळा काळ कोणा ना कोणाच्या छपराखाली, कोणा ना कोणाच्या देखरेखीत होता: न्यूटन, मेरी, मग जॉन्सन. तुमच्या गटात असा कोणी असेल तर ही पाळी कोण कोण घेणार, डॉक्टरकडे सोबत कोण जाणार, आणि मुख्य सांभाळणारा माणूस आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, हे आधी ठरवून घ्या. ओल्नीत हे कोणी ठरवलं नव्हतं, आणि त्याची किंमत मेरीने मोजली.